नव्या खेळयंत्राची पत

१९७२ साली पावसाने दगा दिल्यामुळे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि पोराबाळांच्या पोटात सरकारी सुकडी जात होती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स या कंपनीने ‘ओडिसी’ नावाची एक पेटी बाजारात आणली, जी दूरचित्रवाणी संचाला जोडली असता पडद्यावर काही पांढरे ठिपके उमटत आणि ते ठिपके हातातील कळ फिरवून इकडेतिकडे सरकवीत टेनिस खेळल्याचे समाधान मानावे लागे. पेटीला आवाज नव्हता, रंग नव्हते. मैदानाचा भास व्हावा म्हणून पडद्यावर चिकटवायचे रंगीत, पारदर्शक प्लॅस्टिकचे तक्ते सोबत दिलेले असत. घरबसल्या दूरचित्रवाणीवर खेळण्याच्या व्यवसायाचा आरंभ तेथून झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. म्हणजे जी वस्तू अमेरिकेत खेळण्याचे साधन होऊ पाहत होती, ती महाराष्ट्रात अजून नुसती पाहण्याचीच नवलाई होती, आणि तीही मुंबईकरांपुरती. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काही नाही. तथापि नव्या खेळयंत्राच्या भवितव्याचा विचार त्याच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या गावाच्या वेशीत उभे राहून करायचा, तर प्रारंभीचे हे अंतर वाचकाच्या ध्यानी असलेले बरे.

खेळयंत्र, ज्याला आता सर्वत्र ‘कन्सोल’ म्हणतात, नव्याने जाहीर झाले की जाणकारांच्या गोटात संशयाची लाट उठते, आणि ती बहुधा एकाच वळणाची असते: बाजारात दोन-तीन मातब्बर आधीच ठाण मांडून बसले आहेत, त्यांच्यापुढे या नवख्याचा निभाव कसा लागणार? हा संशय कित्येकदा सपशेल फसला आहे. १९९४ साली सोनीने ‘प्लेस्टेशन’ आणले तेव्हा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर विकणाऱ्यांचे खेळात काय काम, असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्या यंत्राचा खप पुढे दहा कोटींवर गेला. २०१७ च्या जानेवारीत निन्टेन्डोने ‘स्विच’ टोकियोत मांडले तेव्हा कंपनीचा समभाग त्याच दिवशी घसरला, आणि त्याच ‘स्विच’ने पुढे पंधरा कोटींचा पल्ला ओलांडला. उलटपक्षी, २००३ साली नोकियाने दूरध्वनी आणि खेळयंत्र यांचा संकर करून ‘एन-गेज’ काढले तेव्हाचा संशय अक्षरशः खरा ठरला. खेळाची पट्टी बदलायची तर पाठीमागचे झाकण उघडून बॅटरी बाहेर काढावी लागे आणि बोलायचे तर यंत्राची कड कानाला लावावी लागे, हे पाहिल्यावर संशय घेण्यास फारशा विद्वत्तेची गरजही नव्हती. गूगलचे ‘स्टेडिया’ २०१९ च्या नोव्हेंबरात आले आणि २०२३ च्या जानेवारीत ग्राहकांचे पैसे परत करून बंद झाले. तेव्हा नव्या यंत्राविषयी संशय घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न मुळातच गैरलागू आहे. संशय कशाविषयी घेतला, हे पाहिले पाहिजे. आणि प्रस्तुत लेखकाचे मत असे की तो यंत्राच्या शक्तीविषयी घेतला तर बहुधा वाया जातो, यंत्राच्या पतीविषयी घेतला तर सहसा चुकत नाही.

पत म्हणजे काय, हे समजण्यासाठी या व्यवसायाचा जमाखर्च थोडा उलगडून पाहावा लागतो. कन्सोल विकणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा मिळवीत नाही. पुष्कळदा पहिली काही वर्षे ती पदरमोड करूनच यंत्र विकते. तिची खरी कमाई त्या यंत्रावर चालणाऱ्या खेळांतून होते: स्वतःचे खेळ विकून, आणि इतर निर्मात्यांनी त्या यंत्रासाठी केलेल्या प्रत्येक खेळाच्या विक्रीवर दस्तुरी घेऊन. म्हणून कन्सोलची कंपनी ही यंत्राची कारखानदार कमी आणि पेठ वसवणारी अधिक असते. आठवडे बाजाराला गिऱ्हाईक येते ते व्यापारी येतात म्हणून, आणि व्यापारी पाल ठोकतात ते गिऱ्हाईक येते म्हणून; जुना बाजार मोडून चार कोसांवर नवा भरवायचा असेल तर पहिल्या आठवड्यात दोघांपैकी कोणी तरी दुसऱ्याच्या भरवशावर तेथे यावे लागते, आणि तो भरवसा ज्याच्या नावावर मिळतो त्याचाच बाजार भरतो. हा भरवसा म्हणजे पत. ती चिपच्या वेगात मोजता येत नाही, म्हणून संशयखोरांच्या कोष्टकांत तिला रकाना नसतो.

पत उडाली म्हणजे काय होते, याचा धडा अमेरिकेने १९८३ साली घेतला. अटारी या कंपनीच्या यंत्रावर कोणीही खेळ करून विकावा अशी मोकळीक होती, कारण विकणाऱ्याला अटकाव करण्याचे साधनच अटारीपाशी नव्हते. परिणामी दुकाने भिकार खेळांनी भरून गेली, गिऱ्हाईक विटले, आणि अटारीला आपल्या न खपलेल्या पट्ट्या न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे खड्ड्यात पुराव्या लागल्या. २०१४ साली तो खड्डा उकरून त्या पट्ट्या पुन्हा बाहेर काढण्यात आल्या, हा त्या प्रकरणाचा उपसंहार. दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे नाव घेताच हात जोडू लागले होते अशा काळात, १९८५ साली, जपानच्या निन्टेन्डोने तेथे प्रवेश केला. ही कंपनी १८८९ साली क्योतो येथे पत्ते छापण्यासाठी निघालेली. जुगाराच्या पत्त्यांचा अनुभव असल्यामुळे असेल, डाव कोणाच्या हाती राहिला पाहिजे हे तिला चांगले कळत होते. तिने यंत्रात एक पहारेकरी चिप बसवली, जिच्या परवान्याशिवाय कोणतीही पट्टी चालेना. खेळ करणाऱ्यांना वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा अधिक खेळ काढण्यास मज्जाव केला. पट्ट्या स्वतःच्याच देखरेखीखाली बनवण्याचा मक्ता राखून ठेवला. आणि दुकानदारांची भीती घालवण्यासाठी यंत्रासोबत एक लहानसा यंत्रमानव देऊन ही वस्तू व्हिडिओ गेम नसून खेळणे आहे, असा बहाणाही केला. यांतील एकही उपाय यंत्राच्या शक्तीशी संबंधित नव्हता. सगळे उपाय पत सावरण्याचे होते, आणि ते यशस्वी झाले.

मात्र पहारा कडक झाला की आतले लोक कुरकुरू लागतात. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात निन्टेन्डोने सोनीशी केलेला तबकडीयंत्राचा करार मोडून फिलिप्सशी घरोबा जाहीर केला, तेव्हा अपमानित झालेल्या सोनीने केन कुतारागी या अभियंत्याच्या आग्रहाने स्वतःचेच यंत्र काढण्याचे ठरवले. जाणकार संशय घेत राहिले. परंतु खेळ करणाऱ्यांची गाऱ्हाणी सोनीने अधिक लक्षपूर्वक ऐकली होती. निन्टेन्डोची पट्टी महाग, तिच्यात जागा थोडी, आणि छापण्यासाठी आगाऊ रक्कम भरावी लागे. सोनीची तबकडी स्वस्त, जागा कित्येक पट, आणि खप वाढला तर पुन्हा झटपट छापता येई. निन्टेन्डोच्या आश्रयाने मोठी झालेली स्क्वेअर ही कंपनी आपल्या ‘फायनल फँटसी’ मालिकेचा सातवा खेळ १९९७ साली तीन तबकड्यांत घालून प्लेस्टेशनवर घेऊन आली, तेव्हा जुन्या बाजारातले सर्वांत मोठे पाल उठले होते. ज्यांनी केवळ यंत्रांची तुलना मांडली होती, त्यांना हे दिसणे शक्य नव्हते.

या सर्व इतिहासात ज्या कंपनीची हकीकत अधिक तपशिलाने सांगण्याजोगी आहे ती सेगा. कारण सेगाकडे कल्पकता होती, यंत्रे उत्तम होती, निष्ठावंत खेळाडूही होते. नव्हती ती पत, आणि ती तिने आपल्याच हाताने घालवली. ‘सॅटर्न’ हे तिचे यंत्र अमेरिकेत १९९५ च्या २ सप्टेंबरला येणार, असे सर्वांना कळवलेले होते. खेळ करणाऱ्यांनी त्या तारखेच्या हिशेबाने काम आखले होते, दुकानदारांनी मागण्या नोंदवल्या होत्या. परंतु सोनीच्या आधी मैदान मारावे या घाईपायी ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केले की यंत्र आजच निवडक दुकानांत उपलब्ध आहे, किंमत ३९९ डॉलर. ज्या दुकानांना निवडले नव्हते ती संतापली, आणि के-बी टॉइज या खेळण्यांच्या दुकानसाखळीने तर सेगाचा माल ठेवण्याचेच नाकारले. ज्यांचे खेळ सप्टेंबरात तयार व्हायचे होते ते निर्माते हात चोळीत बसले, आणि यंत्र आले तरी त्यावर खेळण्यासारखे फारसे काही नव्हते. त्याच प्रदर्शनात पुढे सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, त्यांनी ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला, आणि ते खाली उतरले. व्यापाराच्या इतिहासात याहून लहान भाषण सापडणे कठीण.

पुढे १९९८ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत सेगाने ‘ड्रीमकास्ट’ आणले, जे त्या काळाच्या मानाने खरोखर असामान्य यंत्र होते. आंतरजालास जोडण्याचे उपकरण त्याच्या पोटातच होते, आणि अमेरिकेतील पहिल्याच दिवशी सुमारे ९.८ कोटी डॉलरांची विक्री झाली. तरीही संशय घेणारे संशय घेत राहिले, आणि या खेपेस ते बरोबर होते, कारण त्यांनी यंत्राकडे न पाहता गर्दीकडे पाहिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य निर्मात्याने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ केला नाही. जे करू शकले असते ते सोनीच्या दुसऱ्या प्लेस्टेशनची वाट पाहत थांबले, आणि गिऱ्हाईकही थांबले. २००० सालच्या मार्चमध्ये ते यंत्र जपानात आले तेव्हा त्यावर जुने खेळ चालत होते आणि चित्रपटांच्या तबकड्याही, म्हणजे घरातील कर्त्या माणसाची परवानगी मिळवण्यास मुलांच्या हाती एक सबळ निमित्त आले. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्ट बंद करण्याचे जाहीर केले. एकूण खप भरला सुमारे ९१ लाख. प्रतिस्पर्ध्याचा शेवटी साडेपंधरा कोटींहून अधिक. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेले कर्ज माफ केले आणि आपले समभाग परत करून सुमारे ६९.५ कोटी डॉलरांचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. मार्च महिन्यात ते निवर्तले. मालकाने घरचे सोने मोडून कंपनीचे देणे फेडावे, हा प्रकार आपल्याकडच्या पेढ्यांच्या इतिहासात अपरिचित नाही. परंतु यंत्र बनवण्याचा धंदा सेगाने त्यानंतर पुन्हा केला नाही, आणि निन्टेन्डोच्या यंत्रांसाठी खेळ करून देण्याची पाळी तिच्यावर आली.

मायक्रोसॉफ्टची हकीकत लवकर आटोपते. २००१ साली तिने ‘एक्सबॉक्स’ काढले, तेव्हा घेतलेला संशय अर्धा खरा ठरला: पहिल्या यंत्राचा खप २ कोटी ४० लाखांवर थांबला, तोटा प्रचंड झाला, पण कंपनी इतकी गर्भश्रीमंत की तोटा हाच तिने प्रवेशशुल्क मानला. ज्याच्या तिजोरीला तळ नाही, त्याच्या बाबतीत संशयखोराने घाई करू नये. निन्टेन्डोच्या बाबतीत मात्र संशय वारंवार का फसतो, याचे कारण निराळे आहे. २००६ साली तिचे ‘वी’ आले तेव्हा शक्तीने ते प्रतिस्पर्ध्यांच्या जवळपासही नव्हते, पण हात हलवून खेळता येत असल्याने आजी-आजोबाही खेळू लागले आणि खप दहा कोटींवर गेला; त्याच कंपनीचे ‘वी यू’ २०१२ साली आले, ते नवे यंत्र आहे की जुन्याला जोडायची नुसती पाटी आहे हेच गिऱ्हाइकाला उमगेना, आणि सगळा खप १ कोटी ३५ लाखांत संपला. अर्थात गिऱ्हाइकाला जर वस्तू कळलीच नाही, तर पतही उपयोगी पडत नाही. निर्मात्यांपाशी पत हवी, आणि घरात प्रयोजन हवे, दोन्ही लागतात.

घरात प्रयोजन, या शब्दांपाशी आपण राळेगणसिद्धीत येऊन पोहोचतो.

पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला वळून आत गेले की लागणारे हे गाव अण्णा हजारे यांच्यामुळे जगाला ठाऊक झाले आहे. ते १९७५ साली सैन्यातून परतले, यादवबाबांच्या मंदिरात राहू लागले, आणि दारूच्या भट्ट्यांनी व दुष्काळाने पोखरलेल्या त्या गावात पाणलोटाची कामे, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी यांची शिस्त उभी राहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय गोष्ट अशी की या गावाला नव्याचे वावडे नाही. जैववायू, सौर दिवे यांचा येथे लवकर स्वीकार झाला; शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या राज्य सरकारच्या योजनेच्या पथदर्शी प्रकल्पासाठी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर राळेगणसिद्धीचीच निवड झाली. गाव नवी वस्तू घेते; परंतु घेण्याआधी खर्च कोणाचा, दुरुस्ती कोण करणार आणि वापर किती जणांना, हे विचारण्याची सवय त्याच्या अंगी मुरलेली आहे. कन्सोलला हे तिन्ही प्रश्न अडचणीचे आहेत.

कारण भारतात कन्सोलचा इतिहास मुळात अडचणींचाच इतिहास आहे. १९९५ साली सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ अधिकृतपणे आपल्याकडे आले ते शॉ वॉलेस कंपनीच्या मार्फत. आयात केलेल्या यंत्रावर ८० टक्के जकात बसत असल्याने ती चुकवण्याचा हा कायदेशीर मार्ग होता. शॉ वॉलेस हे नाव तोवर मद्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे राळेगणसिद्धीत तिच्या मालाचे स्वागत झाले असते की नाही हा वेगळाच प्रश्न; पण तो उद्भवण्याचे कारण नव्हते, कारण यंत्राची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळी ज्या घरात इतकी रक्कम एकरकमी होती, तेथेही ती रंगीत दूरचित्रवाणी संचावर किंवा फटफटीवर आधी खर्च झाली असती. शिवाय ज्या वर्षी हे यंत्र आले, त्याच वर्षी ते अमेरिकेत जुने झाले होते. म्हणजे सेगाने भारताला शिळे पान वाढले, आणि तेही ताज्याच्या दराने.

ती जागा भरून काढली ती निन्टेन्डोने १९८५ साली अमेरिकेत नेलेल्या यंत्राच्या चिनी-तैवानी नकलांनी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात, पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि तेथून तालुक्याच्या जत्रांपर्यंत त्या पोहोचल्या. पिवळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकची ‘कॅसेट’, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असा आत्मविश्वासपूर्ण दावा, आणि आत प्रत्यक्षात मारियो, काँट्रा, रणगाडे असे मोजके खेळ, तेच पुन्हा पुन्हा निराळ्या क्रमांकांनी. यंत्र एरियलच्या तारेला जोडायचे, दूरदर्शनच्या शेजारची वाहिनी कळ फिरवून शोधायची, मुंग्या हटून चित्र स्थिर झाले की घरात आरोळी उठायची. आणि कॅसेट लागली नाही तर ती काढून तिच्या दातांवर फुंकर घालायची, ज्या उपचाराने काही फायदा होत नाही असे अभियंते सांगतात, परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही मुलाने त्यावर विश्वास ठेवला नाही. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते बाजारगावच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तासाच्या भाड्याने खेळत. या नकलांनी अस्सल यंत्रांचा बाजार बुडवला, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः जो बाजार भरलाच नव्हता तो बुडणार कसा? नकलांनी खेळाची गोडी लावली; कंपन्यांना ती गोडी रास्त भावात पुरवता आली नाही, हे त्यांचे अपयश.

पुढचा प्रयत्न झाला तो काळच चमत्कारिक होता. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’ भारतात २००६ च्या सप्टेंबरात आणले, सोनीने तिसरे प्लेस्टेशन २००७ च्या एप्रिलमध्ये ३९,९९० रुपयांना आणले. आणि नेमक्या त्याच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने हैराण झालेला होता. दिवसातील कित्येक तास वीज नाही, जी येते ती शेतपंपाच्या आधी की घराच्या आधी यावर वाद, आणि संध्याकाळी आली तर घरातील एकुलत्या दूरचित्रवाणी संचावर मालिकांचा आणि बातम्यांचा हक्क वहिवाटीने ठरलेला. अशा घरात चाळीस हजारांची पेटी आणून संच मुलांच्या ताब्यात द्यावा, ही अपेक्षा करणाऱ्याने कांद्याचा भाव कधी पडताना पाहिला नसावा. सोनीचे दुसरे प्लेस्टेशन त्या मानाने स्वस्त होत गेले, म्हणून शहरांत ते पुष्कळ काळ टिकले. मुंबईच्या ट्राइन कंपनीने त्यासाठी २०१० साली गल्ली क्रिकेटचा खेळही काढला. पण तोवर जगाने त्या यंत्राचा अध्याय जवळजवळ मिटला होता.

या संदर्भात ‘झीबो’ची आठवण आवश्यक वाटते, कारण ते यंत्र कागदोपत्री जणू आपल्यासाठीच बेतलेले होते. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा त्यात भाग होता. किंमत आटोपशीर, तबकडी नाही आणि कॅसेट नाही, खेळ मोबाइलच्या लहरींवरून थेट यंत्रात उतरायचे, जेणेकरून नकलेचा प्रश्नच उद्भवू नये. २००९ साली ते ब्राझीलमध्ये आणि मेक्सिकोत विक्रीस आले. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे पाहत नाहीत अशा, भारतासारख्या देशांच्या बाजारपेठा काबीज करण्याचा त्याचा मनसुबा होता. २०११ साली ते बंद पडले. रोगाचे निदान अचूक होते, औषधही सुचले होते. पण त्यावर खेळ करण्यास मोठे निर्माते मनापासून पुढे आले नाहीत, आणि जे आले त्यांनी आपले जुनेच खेळ कसेबसे बसवून दिले. स्वस्त यंत्र, आणि पत शून्य. अमेरिकेतील ‘ऊया’ची गतही याहून वेगळी झाली नाही: २०१२ साली लोकवर्गणीतून ८५ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली, ९९ डॉलरांना यंत्र मिळू लागले, आणि २०१५ मध्ये ते दुसऱ्या कंपनीच्या पदरात पडून विझले. स्वस्ताईने गिऱ्हाईक दारापर्यंत येते, आत बसवण्यास खेळ लागतो.

झीबोचे स्वप्न खरे केले ते कोणत्याही खेळयंत्राने नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ पासून जिओने मोबाइलचा डेटा जवळजवळ फुकट वाटला, दोन वर्षांत ‘पबजी’ हा मोबाइलवरील लढाईचा खेळ हातोहात पोहोचला, आणि पारनेर तालुक्यातील कोणत्याही पारावर चार मुले मान खाली घालून एकाच लढाईत उतरलेली दिसू लागली. हा प्रतिस्पर्धी कन्सोलच्या कोष्टकात कधी नव्हताच. त्याला दूरचित्रवाणी संच लागत नाही, वीज गेली तरी तो चालतो, दुरुस्तीचे दुकान बाजारगावी असते. मुख्य म्हणजे तो खेळासाठी घेतलेला नसतो. बाजारभाव पाहण्यासाठी, पैसे पाठवण्यासाठी, टाळेबंदीच्या काळात शाळेच्या तासासाठी तो घरात आलेला असतो, खेळ त्यात फुकटात राहतो. गाव जे तीन प्रश्न विचारते, त्या तिन्हींची उत्तरे त्याने आल्याबरोबर दिलेली असतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा मुलांनी खेळ बदलला, यंत्र बदलले नाही.

याच्या शेजारी पाचवे प्लेस्टेशन ठेवून पाहावे. ते भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, ४९,९९० रुपयांना. एक्सबॉक्सचे समकालीन थोरले यंत्रही तेव्हा तेवढ्याच किमतीचे होते. १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला गेला होता, तरी ही किंमत. शिवाय एकेका नव्या खेळाला चार-पाच हजार. पुण्या-मुंबईतील हौशी घरांत ही यंत्रे जातात, पहिल्या खेपेचा माल हा हा म्हणता संपतो, आणि तेवढ्यावरून भारत कन्सोलसाठी सज्ज झाल्याचा निष्कर्ष वार्तापत्रे काढतात. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले आहे. ती वसाहत राळेगणसिद्धीपासून दूर नाही, आणि तेथे नोकरीस जाणाऱ्या एखाद्या तरुणाने पुढेमागे हप्त्यावर प्लेस्टेशन आणले तर नवल वाटू नये. पण एकट्याने खेळ होत नाही. ज्याचे दहा मित्र मोबाइलवर आहेत, तो पन्नास हजार खर्चून त्यांच्यापासून दूर जाऊन बसणार नाही. बाजाराचा नियम येथेही तोच.

खेळ करणारेही हाच हिशेब करतात, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला: पौराणिक पार्श्वभूमी, पहाडी चित्रशैलीची छाया, भावाला शोधायला निघालेली एक डोंबाऱ्याच्या जातकुळीची कसरतपटू मुलगी. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी झाला, तरी त्यांनी काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध झाला, जगभर वाखाणला गेला. परंतु त्यासाठी प्रथम जे यंत्र निवडले गेले ते निन्टेन्डोचे ‘स्विच’, जे भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. ज्या मराठी मुलाला आपल्या राज्यात घडलेला हा खेळ पहिल्या दिवशी खेळायचा होता, त्याला परदेशातून कोणी येणाऱ्याकडून यंत्र मागवणे, किंवा चोरट्या आयातीच्या दुकानात चढा भाव मोजणे, एवढेच मार्ग होते. यात निर्मात्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पत जेथे आहे तेथे त्यांनी माल नेला.

तेव्हा पुढील खेपेस एखादे नवे कन्सोल जाहीर होईल, त्याच्या चिपचा वेग मथळ्यांत झळकेल आणि जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी त्याची जुंपवून पैजा लागतील, तेव्हा वाचकाने दोन गोष्टींची चौकशी करावी: त्यावर पहिल्या वर्षी कोणाकोणाचे खेळ येणार आहेत, आणि ते ज्या घरात जाणार त्या घराला ते आणखी कशासाठी लागणार आहे. पहिल्याचे उत्तर समाधानकारक असेल तर ते टोकियोत आणि न्यूयॉर्कात चालेल, मग जाणकार काहीही म्हणोत. राळेगणसिद्धीत चालण्यासाठी दुसऱ्याचेही उत्तर लागते, आणि ते आजवर एकाही कन्सोलने दिलेले नाही.